बिनकिल्ल्यांच्या बाई

आमच्या मेट्रनबाईंच्या कमरेला किल्ल्या नव्हत्या. सोलापूरच्या त्या दवाखान्यात मी नोकरीला लागले त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन हे सांगितलं. एखाद्याला सहावं बोट आहे असं सांगावं तशा आवाजात.

मेट्रन म्हटली की किल्ल्यांचा जुडगा आलाच. मी जिथं नर्सिंग शिकले तिथल्या मेट्रनचा जुडगा तिच्याआधी वळणावर ऐकू यायचा आणि आम्ही मुली पटापट उभ्या राहायचो. इथं औषधांच्या कपाटाची किल्ली एका सिस्टरकडं, चादरींच्या खोलीची बाबूभाई वॉर्डबॉयकडं, धान्याच्या कोठीची आचाऱ्याकडं, आणि मेट्रनबाईंच्या स्वतःच्या खोलीची किल्ली काशीमावशी नावाच्या आयाकडं. मावशीला यायला उशीर झाला की मेट्रनबाई स्वतःच्या खोलीबाहेर उभ्या. मावशी धापा टाकत यायची.

"उशीर झाला बाई."

"दिसलं," एवढं म्हणून त्या आत जायच्या.

दुसरी किल्ली करून घ्या, असं एकदा मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "मग ती माझ्यासाठी लवकर कशाला येईल?" मोठे डॉक्टर विचार करत निघून गेले. ती काही लवकर येत नव्हती, हे त्यांना नंतर सुचलं असावं.

मेट्रनबाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, सावळ्या. कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि त्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं कुठंतरी. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि भावानं त्यांना नर्सिंगला घातलं, एवढंच आम्हाला माहीत होतं, तेही काशीमावशीकडून. घरी कानडी बोलायच्या, दवाखान्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. आम्हा सगळ्या सिस्टरांना त्या "तंगी" म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मी वैराग गावची, मला ते माहीत नव्हतं. महिनाभर मला वाटत होतं की माझ्या अंगकाठीवरून काहीतरी म्हणतात.

सकाळी आठला राऊंड असायचा. निघताना त्या दोन्ही हात पाठीमागं न्यायच्या आणि उजव्या हातानं डावं मनगट धरायच्या. राऊंड संपेपर्यंत ती पकड सुटायची नाही. चादरीचा कोपरा लोंबत असला, तर त्या खाटेपाशी थांबून त्या कोपऱ्याकडं बघत राहायच्या. ज्याचं काम असेल तो धावत येऊन कोपरा खोचेपर्यंत त्या हलत नसत. कधी दोन मिनिटं लागायची, कधी दहा. पेशंटला वाटायचं आपलं काही खरं नाही. त्या स्वतः वाकून तो खोचू शकल्या असत्या, त्याला दोन सेकंद लागले असते. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, हात मागं का बांधता?"

"पुढं आले की काम करतात," त्या म्हणाल्या.

काम देण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. समोर उभं करायच्या आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय करायचं, कुठवर करायचं, आणि कुठं थांबून मला हाक मारायची. कसं करायचं, ते कधीच सांगायच्या नाहीत. सांगून झालं की म्हणायच्या, "आता उलट सांग." ऐकलेलं सगळं आपण आपल्या शब्दांत त्यांना सांगायचं. चुकलं तर त्या रागवायच्या नाहीत. पहिल्यापासून परत सांगायच्या. एकदा मोठ्या डॉक्टरांशी ऑपरेशनच्या वेळांबद्दल बोलताना, सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "आता उलट सांगा." मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. एक वेळ चुकली होती.

एकदा काम दिलं की त्यात बोट घालायचं नाही, त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही. दुसरीच्या कामात कुणी नाक खुपसलं की मागून त्यांचा आवाज यायचा, "बिडू." बिडू म्हणजे सोड. दवाखान्यात मराठी, तेलुगू, दखनी बोलणारी सगळी माणसं होती. प्रत्येकाला कानडीतला हा एक शब्द यायचा.

कुणाला कोणतं काम द्यायचं, यात मात्र त्यांचं डोकं कसं चालायचं ते कुणालाच कळलं नाही. दवाखान्याला सगळ्यांत मोठा त्रास होता नातेवाइकांचा. खेड्यातून एक पेशंट आला की बरोबर नऊ माणसं यायची, भाकऱ्यांची गाठोडी, स्टो, एखादी शेळी. सगळी वॉर्डात घुसायची. हे आवरायचं काम बाईंनी दिलं आमच्यातल्या सगळ्यांत भित्र्या सिस्टरला. तिचा आवाज इतका बारीक होता की पेशंट तिला "काय?" म्हणायचा आणि ती रडायची. आम्ही हसलो. ती दारात उभी राहिली, ओरडणं तिला जमलं नाही, शेवटी तिनं त्या लोकांना अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन बसवलं आणि एकेकाला हाताला धरून आत आणायला सुरुवात केली. महिन्याभरात सवय अशी झाली की ती सुट्टीवर असली तर लोक आत जायलाच तयार नसायचे. "त्या बारीक आवाजाच्या बाई येऊ द्यात," म्हणायचे.

सगळंच असं जमायचं असं नाही. ऑपरेशन थिएटरचं दार रंगवायचं होतं. बाईंनी बाबूभाईला सांगितलं: दार रंगवायचं, दोन हात द्यायचे, रंग कमी पडला तर हाक मारायची. बाबूभाईनं उलट सांगितलं. तीन दिवसांनी पाहिलं तर दार पोपटी. असं पोपटी की भूल दिलेल्या माणसालाही दिसलं असतं. मोठे डॉक्टर लाल झाले. बाबूभाई म्हणाला, "मेरेकू तो अच्छा लगा, साब." डॉक्टर मेट्रनबाईंकडं वळले. बाई दाराकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"रंग कुठला ते मी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझी चूक."

"मग बदलून घ्या!"

"काम त्याचं होतं. ते झालंय."

मी त्या दवाखान्यात होते तोवर ते दार पोपटीच होतं.

ह्या सगळ्याला बाहेर फारसा मान नव्हता. नव्या पेठेतले एक कापडाचे व्यापारी दवाखान्याच्या समितीचे सेक्रेटरी होते. ते म्हणायचे, "मेट्रन फुकटचा पगार घेतात आणि हात बांधून फिरतात." खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मलाही तसंच वाटायचं. मी स्वतः वेगळ्या वळणाची होते. माझ्या हातून होईल तितकं बरं दुसऱ्याच्या हातून होत नाही, अशी माझी खात्री होती, आणि ती मी कष्टानं मिळवलेली होती.

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. उन्हाळा होता आणि नळाला दिवसाआड पाणी. एका आठवड्यात एकाच भागातली माणसं जुलाब-उलट्या होऊन यायला लागली. टांग्यातून, हातगाडीवरून, चादरीच्या झोळीतून. वॉर्ड भरले, व्हरांडा भरला. दवाखान्यामागं कार्यक्रमांसाठी बांधलेला एक पत्र्याचा हॉल होता. तिथं सतरंज्या टाकल्या, भिंतीवर खडूनं नंबर लिहिले, सलाइनच्या काचेच्या बाटल्या टांगायला आडवे बांबू बांधले. मेट्रनबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. मी शेजारी.

"तंगी, हॉल तुझा."

मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"बाई, मला अजून वर्षसुद्धा झालं नाही."

"माहीत आहे. काय करायचं?"

"अंगातलं पाणी संपू द्यायचं नाही."

"कुठवर?"

"लघवी व्हायला लागेपर्यंत."

"हाक कधी मारशील?"

"नाडी लागेनाशी झाली तर. बाटल्या दहाच्या खाली आल्या तर." मग मी गंमत म्हणून म्हटलं, "नाहीतर माझेच पाय लटपटायला लागले तर."

"हे तिसरं विसरू नकोस," असं म्हणून त्या गेल्या.

मी विसरले. दोन दिवस मी त्या हॉलमध्ये एकटीनं धावले. हाताखाली काशीमावशी होती, आणखी एक आया होती, बाबूभाई होता. त्यांना मी बादल्या आणि फडकी दिली. सुया उकळायच्या मी, शिरा शोधायच्या मी, थेंब मोजायचे मी, बाटल्या बदलायच्या मी. चाळीसच्या वर माणसं. एकाची बाटली लावून उठले की चौथ्या सतरंजीवर दुसऱ्याची संपत आलेली.

"सिस्टर, बाटल्या मी बघते की," काशीमावशी म्हणाली. "तुमी बसा घडीभर."

"मावशी, तुम्ही बादल्या बघा."

"बादल्या बघून झाल्या. त्या काय पळून चालल्यात व्हय?"

मी पुढच्या सतरंजीकडं धावले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाईच्या हातात सुई जाईना. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा माझ्या हातून निसटली. मान वर केली तर दारात मेट्रनबाई. त्यांनी बरोबर एक स्टूल आणलं होतं आणि त्यावर त्या बसल्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. हात मागंच.

मी ओरडले. त्या दवाखान्यात त्यांच्यावर बहुधा कुणी ओरडलं नसेल. "बसून काय बघताय बाई? जरा हात लावा की!"

कण्हणारेसुद्धा थांबले.

"लावते," त्या म्हणाल्या. "पण मग हॉल माझा. देतेस?"

'देते' एवढा एक शब्द पुरला असता. पण तो माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "नाही."

"मग तुझ्याकडं हात किती आहेत ते मोज," त्या म्हणाल्या, आणि स्टूल तिथंच ठेवून निघून गेल्या.

मी त्या स्टुलावर बसून मोजले. आधी रागानं, मग खरंच. दोन आया, बाबूभाई. पण प्रत्येक सतरंजीपाशी एक तरी नातेवाईक बसला होता, वारा घालत, रडत. ते चाळीस जण मला तीन दिवस अडचण वाटत होते. मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी कालवायला शिकवलं. दर थोड्या वेळानं एक घोट द्यायचा, आणि जुलाब झाला की भिंतीवर आपल्या नंबराखाली कोळशानं रेघ ओढायची. बाबूभाईला सुया उकळायला दिल्या. संध्याकाळपर्यंत भिंत रेघांनी भरली आणि पहिल्यांदा मला एका नजरेत कळलं की हॉलमध्ये कुणाचं कसं चाललंय.

आणि बाटल्या मी काशीमावशीला दिल्या.

ह्यापुढचं मी इतकी वर्षं फार कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटल्यांचा साठा कमी झाला होता. त्या आणायला मी पुढच्या इमारतीत निघाले. जाता जाता मावशीला म्हटलं, "बाटली मानेपर्यंत आली की मला हाक मारा."

"व्हय," मावशी म्हणाली.

एवढंच. उलट सांगा, असं मी म्हटलं नाही. मला घाई होती आणि इतकं साधं काम उलट काय सांगायचं, असंही वाटलं. स्टोअरमध्ये खोकी उघडण्यात वेळ गेला. परत आले तेव्हा मावशी अंगणात उभी राहून "सिस्टर! ओ सिस्टर!" अशा हाका मारत होती. तिचा आवाज बसला होता. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याची बाटली रिकामी होऊन नळीत रक्त चढलं होतं आणि सुईत ते गोठलं होतं. बाटली संपत आली की रबरी नळीवरचा चिमटा दाबायचा असतो, म्हणजे शीर वाचते. हे मावशीला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या अंगात पाणी इतकं कमी होतं की दुसरी शीर सापडेना. डॉक्टर धावत आले, त्यांनी पायाची शीर उघडली, सलाइन सुरूही झालं. पण त्यात फार वेळ गेला होता. ऊन उतरायच्या आत म्हातारा गेला. त्याची बायको त्याच हॉलमध्ये अकरा नंबरला होती. तिची शुद्ध धड नव्हती. तिला कुणी काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मला रिपोर्ट लिहायचा होता. मी लिहिलं: "ड्यूटीवरील आयाच्या हलगर्जीपणामुळे सलाइन वेळेवर बदलता आले नाही." वाक्य इतकं सरळ आलं की पेन कुठं अडलंच नाही. मावशीला मी पुन्हा बादल्यांवर लावलं. ती बादल्या घासत राहिली, घासून झालेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंनी बोलावलं. टेबलावर माझा कागद होता.

"तू तिला काय सांगितलं होतंस?"

"मानेपर्यंत आली की हाक मारा म्हणून."

"तिनं काय केलं?"

मला वेळ लागला. "हाक मारली."

बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. "हा तुझा आहे. मी खोडणार नाही."

मी तिथंच बसून दुसरा लिहिला. आधीच्यापेक्षा तो लहान झाला: काम सोपवताना पुरी माहिती दिली नाही, चूक माझी. बाईंनी तो वाचला, पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या हातानं ओळी वाढवल्या. मी उलट्या बाजूनं वाचत होते: "वर्षभराचाही अनुभव नसलेल्या नर्सला मी हॉल दिला. ती दोन दिवस एकटी धावत होती हे मला दिसत होतं. मी मध्ये पडले नाही."

"बाई, हे कशाला?"

"खरं आहे म्हणून." मग त्या खिडकीकडं बघून म्हणाल्या, "ते स्टूल मी दुसऱ्याच दिवशी आणायला पाहिजे होतं. तुला कधी कळतंय ते बघत बसले. तुझं शिकणं माणसांच्या जिवावर व्हायला नको होतं." एवढं सलग बोललेल्या मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतरही ऐकलं नाही.

समितीची बैठक लगेच झाली. सेक्रेटरींनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"एवढा पसारा कशाला, मेट्रन? आयाला काढून टाकू. विषय मिटतो."

"मिटत नाही."

"का?"

"तिला जेवढं सांगितलं तेवढं तिनं केलंय."

"मग दोष कुणाच्या नावावर लिहायचा?"

"वरून लिहायला सुरुवात करा," बाई म्हणाल्या. "तिच्यापर्यंत यायच्या आत पान भरेल."

सेक्रेटरींना हा उद्धटपणा वाटला. तो उद्धटपणाच होता. पानावर सगळ्यांत वर समितीचंच नाव येत होतं, कारण हॉलला मागितलेल्या जादा नर्सेस त्यांनी नाकारल्या होत्या. शेवटी दोन ताकिदी निघाल्या, एक बाईंना आणि एक मला. बाईंच्या नोकरीतली ती पहिलीच. काशीमावशीला काही झालं नाही. एक माणूस गेला त्याचं मोल दोन कागद झालं, हे तेव्हाही मला बरं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

बैठकीतून बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "बाटल्या कुणाकडं आहेत?"

"माझ्याकडं."

"तिला परत दे. आता नीट दे."

मी हॉलमध्ये गेले. मावशी ऐकेना. "नगं सिस्टर. माझ्या हातनं माणूस गेलं."

"माझ्या सांगण्यातनं गेलं, मावशी."

मग तिनं पदरानं हात पुसले. मी तिला चिमटा दाखवला, कसा दाबायचा, कधी, का. मग म्हटलं, "आता उलट सांगा."

"बाटली मानंशी आली की आदी चिमटा दाबायचा. मग हाक मारायची. कुणी आलं न्हाय तरी हितनं हलायचं न्हाय, हितनंच वरडायचं. आन् दुसऱ्या बाटलीकडं डोळा ठेवायचा." थांबून तिनं स्वतःचंच एक घातलं, "आन् तुमी लांब चालला तर इचारायचं, कुटं चालला म्हणून."

हे शेवटचं माझ्या सांगण्यात नव्हतं. पण बरोबर होतं.

मला वाटलं, संपलं. संध्याकाळी बाईंनी पुन्हा बोलावलं. "त्या आजोबांच्या मुलाला सांगितलंस?"

"काय?"

"कसे गेले ते."

"डॉक्टरांनी सांगितलंय. जुलाबानं गेले म्हणून."

"ते खरं आहे. पुरं नाही."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही सांगा ना."

"माझ्या वाटचं मी सांगेन, त्यानं विचारलं तर. हे तुझं आहे." मग जरा थांबून, "रस्त्यापर्यंत मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्याच्या घराकडं चालत गेलो. गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या सावलीत बाई थांबल्या. पुढं मी एकटी गेले. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, इतका की मनाशी जुळवलेली वाक्यं मला ऐकूच येईनात. मुलगा दारात बसला होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, केसांत सुताचे कण. घरात तेलुगू चालू होतं, माझ्याशी तो मराठीत बोलला.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चिमटा, हाक, स्टोअर, रिपोर्ट. पहिला रिपोर्टसुद्धा. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही आला नसता तर आम्हाला कळलं पण नसतं."

"हो."

मला वाटलं, आता तो ओरडेल, आणि ओरडला असता तर मला हलकं वाटलं असतं. तो म्हणाला, "अम्मा अजून तिथंच आहे. तिच्या बाटलीकडं आता कोण बघतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी बघते, एवढंच म्हणायचं.

"त्याच बघतात," मी म्हटलं. "काशीमावशी."

त्यानं मान वर केली. "त्याच?"

"हो."

"आता येतं त्यांना?"

"येतं."

"तुम्ही बघितलं? की सांगून आला?"

"बघितलं. त्यांच्या तोंडून ऐकलं."

तो आत बघून कुणाला तरी तेलुगूत काही म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "मग त्यांनाच बसवा. बदलू नका. त्या आता विसरणार नाहीत." मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "वडलांचं अम्माला मी सांगेन. तुमच्यापैकी कुणी सांगू नका."

गल्लीच्या तोंडाशी बाई होत्या तिथंच उभ्या होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. मीच शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी एकच विचारलं, "काय करतो तो?"

"कारखान्यात मुकादम आहे. हाताखाली दहा-बारा माणसं आहेत."

"वाटलंच," बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या. आम्ही सात रस्त्याच्या चौकात आलो. तिथं उसाच्या रसाची गाडी होती. त्या थांबल्या, मला म्हणाल्या, "रस पितेस?" साथ आहे, रस्त्यावरचा रस पिऊ नका, असे बोर्ड आम्हीच गावभर लावले होते. मी आठवण करून दिली. "हां," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं, हे मला तेवढ्यावरूनच कळलं.

म्हातारी वाचली. आठवडाभरानं मुलगा तिला न्यायला आला. तिला त्यानं सांगितलं होतं. ती रडून रडून सुकली होती, पण स्वतःच्या पायांनी चालत होती. हॉल तोवर निम्मा रिकामा झाला होता. मुलानं मला विचारलं, काशीमावशी कोण? मावशीनं ते ऐकलं आणि ती बादल्या उचलून मागच्या दाराकडं निघाली. मी तिला थांबवलं नाही, फक्त बोट दाखवलं. तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या.

तो म्हणाला, "अम्माची बाटली तुम्हीच बघत होता?"

मावशीनं बादल्या खाली ठेवल्या.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

हे त्यांनी बघावं म्हणून मी मेट्रनबाईंना इकडंतिकडं शोधलं. त्या हॉलमध्ये नव्हत्या, दारात नव्हत्या, अंगणातही नव्हत्या.